बोट की मूठ

आप्पा, माणसं अजून येतायत. आज आठवा दिवस. दारात चपला काढतात, काकीसमोर बसतात, पाण्याचा तांब्या तसाच बाजूला सारतात आणि तोंडातून शब्द निघायच्या आधी छातीवर हात ठेवतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, दुःखानं ठेवत असतील. तिसऱ्या दिवसापासून मी नीट बघायला लागले. ती एक खूण होती, आप्पा. तुम्ही प्रत्येकाकडून कधी ना कधी करून घेतलेली. आणि सगळ्या गावात ती फक्त मला माहीत नव्हती.

सगळ्यात आधी आले ते विहारामागं राहणारे एसटीचे जुने ड्रायव्हर. म्हणाले, "ताई, मला आप्पांनी औषध दिलंच न्हाई." मला वाटलं, तक्रार करतायत. मेलेल्या माणसाची तक्रार घेऊन आलेत म्हणून मनातून चिडलेही. तर पुढं म्हणतात, "मी म्हनलं, आप्पा, सकाळपास्नं लय जळजळतंय, एक काढा द्या. म्हनले, कुठं ते हातानं दाव. मी ह्ये असं दावलं." त्यांनी मूठ वळली आणि छातीच्या मधोमध दाबून धरली. "आप्पांनी हातातलं भांडं खाली ठिवलं. म्हनले, मूठ हाय, गाडीत बस. मी म्हनलं, कुणाच्या गाडीत? तर माझ्या पुतण्याच्या, म्हनले. सांगलीपातूर माझ्या शेजारी बसून मलाच दम देत हुते, हालू नगंस, बोलू नगंस. दोन स्टेंट हायत आता आत."

एवढं सांगून ते हसले आणि हसता हसता रडायला लागले. काकीनं त्यांना चहा करायला लावला, त्यांच्याच हातानं, आमच्या चुलीवर. तिचं हे असंच, तुम्हाला माहीतच आहे.

त्यांच्यानंतर आणखी एक आले, मग दोघं, मग एका दुपारी ओळीनं चौघं. द्राक्षबागायतदार, बेदाणा निवडायला जाणाऱ्या बायका, एक शाळामास्तर. सगळ्यांची गोष्ट एकच. आप्पांकडे औषधाला गेलो आणि आप्पांनी औषध दिलं नाही. जन्मभर लोकांना काढे देणारा माणूस गेला, आणि काढा न मिळालेले लोक त्याच्यासाठी रडायला येतायत. अहो, असं कुठं असतं का?

मी तुमची पुतणी, तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. सांगलीत औषधशास्त्र शिकवते. तुमच्या पुढच्या सोप्यातले तीन डबे मला लहानपणापासून पाठ. एकात ओवा, एकात सुंठ, एकात ज्येष्ठमध. अडुळसा कुंपणाला आणि सादडा, म्हणजे पुस्तकातला अर्जुन, ओढ्याकाठी. आपल्या जैनांत मध चालत नाही म्हणून तुमचं प्रत्येक चाटण गुळात. मी एकदा म्हटलं, आप्पा, खोकल्याला मधानं थोडं बरं वाटतं असं अभ्यास सांगतात. तुम्ही म्हणालात, "मंग त्यास्नी तू दे. मी जीव मारून जीव वाचवत न्हाई."

पण तुमच्याबरोबर सालीला आले होते तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही सादड्याला आधी हात लावून उभे राहिलात, बऱ्यापैकी वेळ. मग कोयत्यानं पंजाएवढीच साल काढली, एकाच बाजूची. खोडाभोवती गोल कधीच नाही. गोल काढली की झाड मरतं, म्हणालात. वर शेण आणि चिखल थापला, मुलाच्या गुडघ्याला हळद लावावी तसा. गेल्या वर्षीची जखम शेजारीच होती, भरत आलेली. त्याच्या आधीची कुठली ते तर मला शोधूनही सापडली नाही.

आणि ती भुकटीची भानगड! मी सांगलीच्या बाजारातून अर्जुनाची साल म्हणून पुडी आणली होती, कॉलेजात तपासायला. रविवारी आले तेव्हा सहज तुम्हाला दाखवली. तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवली, चूळ भरली आणि म्हणालात, "ही सादड्याची न्हाई. ऐनाची हाय. भाऊबंद हायत दोघं, पर ह्यो त्यो न्हवं." मी मनात म्हटलं, भुकटी झाल्यावर कुणाला काय कळतंय! सोमवारी तुमच्या झाडाची साल आणि ती पुडी शेजारी शेजारी काचपट्टीवर चढवली. दोन्हींचे पट्टे वेगळे आले. ज्याला आम्हाला अर्धा दिवस, चार बाटल्या आणि एक यंत्र लागलं, ते तुमच्या जिभेनं चूळ भरायच्या आत केलं होतं.

ज्येष्ठमधाचंही तेच. पंधरा दिवसांच्या वर तुम्ही कुणाला देत नव्हता, आणि रक्तदाबवाल्याला तर मुळीच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "पाय सुजत्यात. मी बघितल्यात." पुस्तकात ते सगळं आहे, आप्पा. ज्येष्ठमधानं अंगात पाणी साठतं, दाब चढतो, ते कशामुळं हेही लिहिलेलं आहे. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तुम्ही माणसांचे पाय बघून शोधलं होतं.

मी शिरवळच्या औषध कारखान्यात नोकरीला होते तेव्हा कफ पातळ करायच्या गोळीची पट्टी तुम्हाला आणून दिली होती. ह्या गोळीचं मूळ तुमच्या कुंपणावरच्या अडुळशात आहे, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तुम्ही गोळी फोडून हुंगलीत. "वास गेला की गं ह्येचा," म्हणालात, तोंड एवढंसं करून. मी हसले. तुम्ही नाही हसलात.

पण हे सगळं कौतुक मी आज करतेय. तुम्ही असताना केलं नाही, आणि का केलं नाही ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

बेदाण्याचे दिवस होते. मी शाळेत होते. बाबा सकाळपासून शेडवर जाळीवर द्राक्षं पसरत होते. अकराच्या सुमारास छातीत जळजळतंय म्हणून घरी आले. तुम्ही त्यांना ओवा आणि सुंठ उकळून दिलीत, पित्त असेल म्हणालात, सोप्यातल्या बाजल्यावर निजवलंत. मी मधल्या सुट्टीत डबा खायला घरी आले तर दारात माणसं. पेला बाजल्याखाली तसाच होता. तळाशी ओव्याचे दाणे.

मी औषधशास्त्राला गेले ती त्या पेल्यामुळं, आप्पा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. लोकांना सांगते, केमिस्ट्रीत मार्क चांगले होते. मला फक्त शोधायचं होतं, त्या पेल्यात काय होतं. आणि ते मला लवकरच कळलं. त्यात काहीही वाईट नव्हतं. ओव्यानं गॅस सरतो, सुंठेनं पोटाला बरं वाटतं, पिणाऱ्याचं काही बिघडत नाही. बाबा त्या पेल्यानं गेलेच नाहीत. तो पेला उकळायला, निवायला आणि प्यायला जो वेळ गेला, त्यानं गेले. त्या वेळात तासगावच्या दवाखान्यात पोचता आलं असतं. हे कळल्यावर माझा राग उतरायला हवा होता. झालं उलटंच. म्हटलं, ह्यांना एवढंही कळलं नाही?

म्हणून मी आयुष्यभर तुमच्याशी भांडले. अर्जुनाच्या सालीवर भांडले. छातीतल्या दुखण्याला तिचा थोडा उपयोग होतो असं काही छोटे अभ्यास म्हणतात, पण ते फारच छोटे आहेत, धड नाहीत. त्यावर कुणी दवाखान्याच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि झटका आलेल्या माणसाला तर साल उगाळत बसायचंच नाही, हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल? तुम्ही मान डोलवायचा. "बरोबर हाय तुझं," म्हणायचा. आणि पुढच्या माणसाला म्हणायचा, "कुठं दुखतंय, हातानं दाव." मला वाटायचं, हे सगळं नाटक. वैदूगिरीचं नाटक. नाडी बघितल्यासारखं करायचं आणि डब्यात हात घालायचा.

ह्या थंडीत तर मी हद्दच केली. तुमच्यासमोर चहाचा कप होता, माझ्यासमोर माझा. मी म्हणाले, "आप्पा, एक दिवस तुमच्या हातून अजून एक जाईल."

अजून एक, असं म्हणाले मी. पहिला कोण ते सांगायची गरज नव्हती.

तुम्ही कप खाली ठेवलात. "न्हाई जाणार," म्हणालात.

"कशावरनं?"

"न्हाई जाणार, पोरी. आता न्हाई."

मला तो माज वाटला, आप्पा. ऐंशी उलटलेल्या माणसाचा माज. मी चहा अर्धा टाकून उठले, गाडी काढली आणि गेले. नंतर फोनवर बोललो आपण. काकीच्या डोळ्यांचं ऑपरेशन, आमच्या कॉलेजची तपासणी, बागेवरचा भुरीचा रोग. त्या वाक्याविषयी नाही. मी नाही काढलं, तुम्ही तर काढणारच नव्हता.

आणि आता ही माणसं येतायत, मूठ वळून छातीवर ठेवतायत.

डॉक्टरांच्या पुस्तकात या खुणेला नाव आहे, आप्पा. नाव मोठं आहे, ते राहू दे. एक बोट ठेवून माणूस "इथं" म्हणाला, तर दुखणं बहुधा बरगडीचं, स्नायूचं, गॅसचं. पण अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर दाबून धरली, तर ते काळजाचं असण्याची भीती जास्त. माणूस हे ठरवून करत नाही. हात आपोआप वळतो. सातवी शिकलेल्या, द्राक्षाच्या बागेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं?

मला वाटलं, एखाद्या डॉक्टरानं सांगितलं असेल. म्हणून काल दुपारी काकी गहू पाखडत होती तेव्हा विचारलं. "काकी, हे बोट-मुठीचं आप्पा कवापास्नं बघायला लागले?"

काकीनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "तुझा बाप गेल्यापास्नं."

ती पाखडत पाखडतच बोलत राहिली. "त्या दिशी त्येनं मूठ दाबली हुती छातीवर. ह्यास्नी दिसली हुती. पर ठावं कुठं हुतं काय त्ये. नंतर सारखं म्हनायचे, त्येचा हात मला सांगत हुता गं, मला वाचताच आलं न्हाई. डबं धुऊन पालथं घातलं. वरीसभर कुणाला कायबी दिलं न्हाई. दारात आलेल्याला हात जोडायचे, जा म्हनायचे."

"मग परत का सुरू केलं?" माझा आवाज चढला. घरात सुतक आणि मी काकीवर ओरडतेय, बघा.

"अगं, त्या सालात खालच्या आळीचा एक जण गेला. छातीत दुखतंय म्हनून दुकानातनं सोडा घिऊन प्याला आन् बागंतच पडला. ह्ये लय रडले. म्हनले, मी औषध बंद केलं म्हनून मानसं दुखायची थोडीच थांबत्यात? ती दुसरीकडं जात्यात. घरातनं उठून कुणी नीट दवाखान्यात जात न्हाई, आधी काढ्यालाच जातंय. मंग माझ्याकडंच येऊ देत. माझ्याकडं आली न्हाईत तर मूठ कोन बघनार?"

आप्पा.

म्हणजे ते डबे, ती साल, तो गूळ, तो सगळा पसारा तुम्ही माणसं दारात यावीत म्हणून मांडून ठेवला होता. बोट दाखवणाऱ्याला ओवा, खोकणाऱ्याला अडुळसा, आणि मुठीला गाडी. मी ज्याला पुरावा पुरावा म्हणून तुमच्या डोक्यात मारत होते, त्याच्या किती पुढं जाऊन बसला होता तुम्ही. तुमचं खरं औषध त्या तीन डब्यांत नव्हतंच. ते तुमच्या बघण्यात होतं, आणि ते तुम्ही माझ्या बाबांच्या हाताकडून शिकला होता. चूक झालेला माणूस एकतर मोडतो, नाहीतर चूक विसरतो, हे मी पाहिलंय. एका चुकीला रोज सकाळी दार उघडून समोर बसवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तरी माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी म्हटलं, काकी, पण ही खूण पक्की नसते गं. बोट दाखवणाऱ्यालाही झटका असू शकतो. साखरवाल्यांना तर कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता घाम येतो, दम लागतो. बायकांचा जबडा दुखतो, पाठ दुखते. त्यांचं काय केलं असतं आप्पांनी?

तेवढ्यात तिथं बसलेली बेदाणा निवडणारी एक मावशी म्हणाली, "आवं ताई, माजं तसंच झालं की. मी दाढ दुखतीया म्हनून लवंग मागाय आल्ते. घाम फुटलेला नुसता. आप्पा म्हनले, साखर हाय न्हवं तुला? बस गाडीत."

मी काकीकडं बघितलं. काकी म्हणाली, "त्ये तुजंच हाय. तू शाळेत भाषन केलंवतंस न्हवं बचत गटाच्या बायकांपुढं? ह्ये मागं दाराशी बसलेवते. घरी आल्यावर म्हनले, पोरगी बरोबर सांगती, ध्यानात ठिवाय पायजे. धा येळा घोकत हुते, साखर, घाम, जबडा, पाठ."

मला आठवतंय ते भाषण. तुम्ही मागं बसला होता आणि डोळे मिटले होते. मी चिडले होते. म्हटलं, बघा, झोपलेत.

माझं एक वाक्य तुमच्यात जाऊन राहिलं होतं, आप्पा, आणि त्यानं एक बाई जगली होती, जी आत्ता माझ्यासमोर बसून काकीला गहू निवडू लागत होती. आणि माझं दुसरंही एक वाक्य तुमच्यात गेलं असणार. ते थंडीतलं. ते तुम्ही कितीदा घोकलंत, हे मी काकीला विचारलं नाही. धीर झाला नाही.

काल संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळे जेवले. मला घास उतरेना. काकीनं विचारलं, "काय हुतंय गं?" मी म्हटलं, दुखतंय इथं. ती ताटावरून ताडकन उठली. मला कळेना काय झालं. मग खाली बघितलं तर माझी मूठ छातीवर होती, घट्ट.

काकीनं माझं एक ऐकलं नाही. काकी, हे रडू आहे गं, म्हटलं. म्हणाली, "त्ये मशीन सांगंल." तुमच्याच पुतण्याची, माझ्या भावाची गाडी, तोच रस्ता, शेजारी काकी, हालू नगंस, बोलू नगंस. मी, औषधशास्त्राची प्राध्यापक, अंगाला वायरी लावून पडले आणि डॉक्टरनं पट्टी बघून विचारलं, अलीकडं काही झालंय का घरी? म्हटलं, माझे आप्पा गेले. मग मी जी रडले, ती आठवडाभराचं रडले. की जास्तच दिवसांचं, कोण जाणे. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. परत येताना काकी म्हणाली, "आता रड हवं तेवढं. आता हरकत न्हाई."

आज सकाळी काकीनं मला तुमचं शेवटचं सांगितलं. न्याहारी करून तुम्ही उन्हात खुर्ची टाकून बसला होता. ती पाणी घेऊन आली तोवर तुम्ही गेला होता. "हात कुठं होता गं त्यांचा?" मी विचारलं. इतकं विचारायचं धाडस झालं. काकी म्हणाली, "मांडीवर. उघडा."

आप्पा, मी आत्ता तुमच्याच खुर्चीत बसून हे लिहितेय. डबे मी पालथे घातलेले नाहीत. दारात एक जण आलाय, कालपासून छातीत दुखतंय म्हणतोय, हात अजून खिशात आहे. मला उठायला हवं, त्याला दाव म्हणायला हवं. पण त्याआधी एक गोष्ट, जी मी चहा अर्धा टाकून गेले त्या दिवशी परत फिरून सांगायला हवी होती. माझ्याकडे याचा कागद नाही, आकडा नाही, पुरावा मागू नका. न्हाई गेलं, आप्पा. तुमच्या हातून अजून एक न्हाई गेलं.